दुसऱ्याचा गाल

धार आणि देवास ही दोन नावे मराठी वाचकास परकी नाहीत. अठराव्या शतकात पवारांनी माळव्यात ही संस्थाने उभी केली. देवासची गादी तर दोन भावांत वाटली जाऊन, एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये शेजारी शेजारी नांदली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे इ. स. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खाजगी चिटणीस म्हणून राहिला आणि त्या दिवसांवर त्याने पुढे, १९५३ साली, देवासच्या देवीच्या टेकडीचे नाव दिलेले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन आले, बरे झाले आणि पुन्हा गाऊ लागले. या सर्वपरिचित गोष्टींच्या जोडीला देवास जिल्ह्यातील आणखी एक नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आम्हांस वाटते. ते नाव उदयनगर.

गेल्या हिवाळ्यात एका कामानिमित्त आम्ही इंदूरला गेलो असता, आमच्या वृद्ध मामांच्या इच्छेवरून देवासच्या टेकडीवर तुळजाभवानीच्या आणि चामुंडेच्या दर्शनास गेलो. बरोबर तेथील एक निवृत्त मराठी शिक्षक होते. दर्शन आटोपून पायऱ्यांवर विसावलो असता त्यांनी आम्हांस राणी मारियाची हकीकत सांगितली. ती वर्तमानपत्रांतून पूर्वी वाचलेली होती. तथापि ज्या मुलखात ती घडली तेथे बसून ऐकताना तिचा अर्थ निराळा लागू लागला.

हकीकत थोडक्यात अशी. केरळातील पुल्लुवळी गावची मरियम वट्टालिल ही मुलगी फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघात जोगीण झाली आणि सिस्टर राणी मारिया या नावाने उत्तरेत आली. बिजनौर, मग सतना धर्मप्रांत आणि १९९२ पासून उदयनगर, असा तिच्या सेवेचा प्रवास. उदयनगरच्या परिसरातील भूमिहीन व कर्जबाजारी आदिवासींना सरकारी योजनांची माहिती देणे, बँकेचे कर्ज मिळवून देणे, त्यांच्या बचतीची घडी बसवणे, हे तिचे काम. सावकाराच्या वहीतून माणूस सुटू लागला की सावकाराला तो चोरीचाच प्रकार वाटतो. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने तिच्यावर सुऱ्याने वार केले. अंगावर चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. बस प्रवाशांनी भरलेली होती. मध्ये कोणी पडले नाही. त्या वेळी ती एकेचाळीस वर्षांची होती. आपल्याला इतरांनी चिथावले, असे समंदर सिंगाने पुढे स्वतःच सांगितले. त्यास जन्मठेपेची शिक्षा होऊन तो इंदूरच्या तुरुंगात गेला.

येथवरची गोष्ट आपल्या देशात दुर्दैवाने नवी नाही. नवी गोष्ट पुढे आहे. भगवी वस्त्रे धारण करणारे स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात जाऊन समंदर सिंगास भेटत राहिले. त्यानंतर २००२ च्या ऑगस्टात, राखीपौर्णिमेच्या निमित्ताने, राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि बहिणीच्या खुन्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबाने व धर्मसंस्थेने शासनाकडे शब्द टाकला आणि २००६ साली तो सुटला. सुटल्यावर तो केरळात त्या घरी गेला. तेथे राणी मारियाच्या वृद्ध आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना माझ्या लेकीचे रक्त लागले आहे, अशा अर्थाचे ती बोलल्याचे सांगतात. या प्रसंगांवर कॅथरीन मॅकगिल्व्रे या दिग्दर्शिकेने २०१३ साली 'द हार्ट ऑफ अ मर्डरर' नावाचा अनुबोधपट काढला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियास चर्चने 'धन्य' म्हणून घोषित केले.

शिक्षकमहाशय थांबले तेव्हा मामा काही वेळ समोरच्या माळावर नजर लावून बसले होते. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आतां हे आमकां क्षमा शिकयतले?"

या एका वाक्यात किती इतिहास आहे, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या पूर्वजांनी कुशस्थळीच्या मंगेशाला आणि केळशीच्या शांतादुर्गेला सोळाव्या शतकात नदीपार अंत्रुज महालात नेले, ज्यांच्या घरी इन्क्विझिशनच्या आठवणी आजीच्या तोंडून उतरत आल्या, त्यांनी हा प्रश्न विचारला तर त्यात द्वेष शोधण्याचे कारण नाही. तो प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच प्रामाणिक असले पाहिजे. मिशनऱ्यांची सेवा आणि धर्मांतर यांचा संबंध काय, हा दुसरा प्रश्नही वाचकांच्या मनात येईल. त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर काहीही निघाले तरी ते सुऱ्याने द्यावयाचे नसते, एवढे म्हणून आम्ही पुढे जातो.

ज्या उपदेशावर ही गोष्ट उभी आहे तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येतो. दुष्टाला दुष्टाव्याने अडवू नका, असे सांगून येशूने तेथे लागोपाठ दृष्टांत दिले आहेत. उजव्या गालावर कोणी मारले तर दुसरा पुढे करावा. अंगरख्यासाठी कोणी फिर्याद केली तर वरचे वस्त्रही द्यावे. कोणी एक कोस वेठीस धरले तर दोन कोस जावे. यांतील पहिला दृष्टांत म्हणीसारखा सर्वांच्या तोंडी बसला आणि उरलेले मागे पडले. त्यामुळे संपूर्ण उपदेशाला दुबळेपणाचा वर्ण चढला. वकिलाच्या डोळ्याने पाहिले तर हे दृष्टांत फार निराळे दिसतात. त्यांपैकी एक तर थेट न्यायालयातला आहे. ज्यूंच्या धर्मशास्त्राप्रमाणे गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तरी सूर्यास्तापूर्वी परत करावे लागे, कारण रात्री अंगावर घ्यावयास त्याच्यापाशी दुसरे काही नसे. ज्यावर ऋणकोचा हा हक्क कायद्याने राखलेला, तेच वस्त्र तो आपण होऊन धनकोच्या हवाली करतो. भर न्यायसभेत उघडा उभा राहिलेला तो मनुष्य पाहून लाज कोणाला वाटावी? वेठीचेही तसेच. रोमन शिपाई प्रजाजनाला ओझे वाहावयास लावू शके. पहिला कोस जुलमाचा. दुसरा कोस चालणाऱ्याच्या स्वतःच्या मर्जीचा. गालाविषयी कित्येक भाष्यकार सांगतात की, उजव्या गालावर मारावयाचे तर उजवा हात उलटा फिरवावा लागतो आणि असा फटका चाकरावर ओढतात. दुसरा गाल पुढे करणारा म्हणतो, मारावयाचे तर बरोबरीचा समजून मार.

म्हणजे हा उपदेश सोसण्याचा खरा, पण मान खाली घालून सोसण्याचा नव्हे. अन्याय करणाऱ्याने जे बळाने घेतले त्याच्या पुढचे आपल्या इच्छेने द्यावे आणि त्या देण्याने नात्याचे स्वरूपच पालटावे, असा त्याचा रोख आहे. सेल्मी पॉल नुसती "माफ केले" म्हणून परतली असती तर तो पहिला कोस झाला असता. राखी हा दुसरा कोस. खुन्याला भाऊ करून घेण्याचे बंधन तिच्यावर कोणाचेही नव्हते. आणि तो दुसरा कोस चालण्यासाठी त्या ख्रिस्ती जोगिणीला धागा मिळाला तो आपल्या श्रावणातला.

आता या उपदेशातील आणखी एका बारकाव्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. आमच्या मते सर्व विवेचनाचे मर्म तेथे आहे. या प्रत्येक दृष्टांतात गाल ज्याचा त्याचा आहे, वस्त्र ज्याचे त्याचे आहे आणि पायपीटही ज्याची त्याचीच आहे. शेजाऱ्याच्या गालावर कोणी मारले तर शेजाऱ्याचा दुसरा गाल पुढे करा, असे तेथे सांगितलेले नाही. आपल्या परंपरेतही याहून निराळे नाही. पैठणास नाथांवर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या यवनाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्येक वेळी नाथ शांतपणे गोदावरीत उतरले ते स्वतःच्या अंगावरची थुंकी धुवावयास. दुसऱ्या कोणावर थुंकी पडली असती आणि नाथांनी त्यालाच शांत राहण्याचा उपदेश केला असता, तर ती कथा आपण इतक्या प्रेमाने सांगत आलो असतो काय?

भागवताच्या प्रथम स्कंधातील द्रौपदीचा प्रसंग याहूनही बोलका आहे. अश्वत्थाम्याने निजलेल्या पाच पुत्रांचा घात केला. अर्जुनाने त्याला बांधून तिच्यापुढे आणून टाकले. त्या क्षणी तिने म्हटले की, याला सोडा. पुत्र गेल्यावर मी रडते आहे तशी याची माता रडू नये. हे म्हणण्याचा अधिकार पाचही पांडवांपेक्षा तिला अधिक होता. भीम मात्र वधाचा आग्रह धरून बसला. तेव्हा कृष्णाच्या सूचनेवरून अर्जुनाने काय केले? अश्वत्थाम्याच्या मस्तकावरील मणी केसांसकट कापून घेतला आणि त्याला निस्तेज करून घालवून दिले. मातेची क्षमाही राहिली आणि अपराधाला दंडही झाला. आमच्या समजुतीप्रमाणे क्षमा आणि न्याय यांच्या सीमा आखून देणारा इतका चोख निवाडा आमच्या कायद्याच्या पुस्तकांतही क्वचितच सापडेल.

याच ठिकाणी आम्हांस धारची आठवण होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. पुढे दादा परागंदा झाले आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांना धारच्या किल्ल्यात आसरा मिळाला. दुसरे बाजीराव जानेवारी १७७५ मध्ये जन्मले ते तेथेच. पवारांनी दिलेला आश्रय राजकारणाचा होता, हे उघड आहे. पण गर्भवती स्त्रीला थारा देण्यात जी माणुसकी असते ती त्यामुळे नाहीशी होत नाही. समजा, त्या वेळी पुण्यातील कोणी सत्पुरुषाने रामशास्त्र्यांस म्हटले असते की, शास्त्रीबोवा, आपण क्षमाशील व्हा. शास्त्री काय उत्तर देते? पुतण्या माझा मेलेला नाही, तेव्हा क्षमा मी करावयाची नाही. मी न्यायासनावर बसलो आहे, तेव्हा दंड मात्र मलाच सांगितला पाहिजे. नारायणरावांच्या मागे राहिलेल्या गंगाबाईंनी क्षमा केली असती तर ती गोष्ट आभाळाएवढी ठरती. रामशास्त्र्यांनी केली असती तर तो कर्तव्याचा त्याग ठरता.

आजचा कायदाही याच सीमेवर उभा आहे. किरकोळ मारहाण, अब्रुनुकसानी असे काही गुन्हे फिर्यादी व आरोपी आपसांत मिटवू शकतात. खून त्या यादीत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही नव्हता आणि तिच्या जागी २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही नाही. सेल्मी पॉलच्या राखीने म्हणूनच खटला थांबला नाही, दोषसिद्धीही पुसली गेली नाही. समंदर सिंगाने अकरा वर्षांच्या सुमारास कारावास भोगला. क्षमा आली ती शिक्षेच्या आत, तुरुंगाच्या भिंतींमधून वाट काढीत. ख्रिस्ती उपदेशाने कायदा सैल होतो, ही जी भीती कित्येक सुशिक्षितांना वाटते तिला या प्रकरणात तरी आधार नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी देवासहून सासष्टीत यावे लागेल आणि चार शतकांहून अधिक काळ मागे जावे लागेल. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. आदल्या वर्षांत देवळे पाडली गेली होती, आणि हे पाद्री तेथे चर्चसाठी जागा पाहावयास आले होते. त्यांचा अग्रणी रुदोल्फ आक्वाविवा काही महिन्यांपूर्वीपर्यंत अकबराच्या दरबारी होता. मरताना त्याने प्रतिकार केला नाही, मान पुढे केली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ते खरे मानावयास आम्हांस अडचण वाटत नाही. म्हणजे आक्वाविवाने आपला गाल पुढे केला. पुढे काय झाले? पोर्तुगीज सत्तेने शेते उजाड केली, कुंकळ्ळीच्या नायकांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणेच्या कोटात बोलावले आणि विश्वासाने आलेल्या त्या माणसांची तेथे कत्तल केली. त्यांतून एकच निसटला म्हणतात. आक्वाविवा आणि त्याचे सोबती यांना चर्चने १८९३ साली 'धन्य' म्हटले. असोळणेच्या कोटात पडलेल्यांचे नाव घेणारे मात्र त्यांचे वंशजच उरले.

कुंकळ्ळी आणि उदयनगर यांत अंतर नेमके कशाचे? दोन्हीकडे धर्मसेवक मारले गेले, दोन्हीकडे मारणारे हिंदू होते, दोन्हीकडे उपदेश तोच होता. फरक इतकाच की उदयनगरात मृताच्या वतीने तिची बहीण आणि आई पुढे आली. कुंकळ्ळीत मृतांच्या वतीने व्हिसेरेईचे सैन्य पुढे आले. उपदेश जेव्हा सत्तेच्या हाती जातो तेव्हा क्षमेचा भाग प्रजेसाठी राखला जातो आणि दंडाचा भाग स्वतःसाठी. गोव्याच्या इतिहासातील ख्रिस्ती सत्तेवरचा हा आक्षेप आम्ही तसूभरही मागे घेत नाही. परंतु तो आक्षेप आम्ही ज्या मापाने घेतो ते माप त्या उपदेशातच आहे, हेही आम्हांस कबूल केले पाहिजे. त्याच सासष्टीत पुढे फादर स्टीफन्सनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. म्हणजे हा उपदेश आपल्या भाषेत येऊन चारशे वर्षे लोटली. ज्यांनी तो आणला त्यांच्या वर्तनावरून तो मोडीत काढावा, की त्याच्यावरून त्यांचे वर्तन मोजावे? आम्हांस दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

मात्र उदयनगरची गोष्ट ज्या रीतीने सांगितली जाते तीविषयी आमचा एक आक्षेप आहे. अनुबोधपटाचे नावच पाहा. नजर खुन्याच्या हृदयावर आहे. समंदर सिंगाचे पालटणे, राखी, आईचे चुंबन हे सारे हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. पण राणी मारिया मेली ती क्षमेसाठी नव्हे. ती मेली कर्जात बुडालेल्या आदिवासींच्या हिशेबासाठी. तो हिशेब पुरा झाला काय, हा प्रश्न या कथेत मागे पडतो. खुन्याला क्षमा करण्याचा अधिकार सेल्मी पॉलला होता. पिळवणूक करणाऱ्यांना क्षमा करण्याचा अधिकार फक्त पिळल्या गेलेल्यांना होता आणि त्यांच्या वतीने कोणी ती जाहीर केलेली नाही, हे बरेच झाले. क्षमेचे तेज डोळ्यांवर आले की अन्यायाचे मूळ दिसेनासे होते, हा या उपदेशाचा नव्हे तरी त्याच्या कीर्तनकारांचा दोष आहे.

हे लिहिताना आम्ही स्वतःस त्या दोषातून वगळीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घराण्यात कुळागराच्या वाटणीवरून तंटा झाला. दिराने विधवा भावजयीचा हिस्सा परस्पर लाटला होता. कागद पाहताक्षणी आमची खात्री झाली होती. परंतु घराणे देवस्थानच्या महाजनांपैकी, उत्सव तोंडावर आलेला, आणि पालखीपुढे हे भांडण नको असे सर्व वडीलधाऱ्यांचे मत पडले. देवीपुढे नारळ ठेवून तडजोड झाली. मसुदा आम्ही लिहिला. पूर्वीचे सर्व काही उदार अंतःकरणाने माफ केले आहे, असे एक सुरेख वाक्य आम्ही त्यात घातले आणि त्या वाक्यावर मनातल्या मनात खूषही झालो. बाईने सही केली. कागद परत देताना ती हळूच म्हणाली, "माफ केलां म्हूण तुमी बरयलां, पूण म्हाका कोणें विचारलें?"

आम्ही निरुत्तर झालो. उत्सव शांततेत पार पडला, सर्वांनी आमचे कौतुक केले, आणि त्या बाईला तिच्या वाट्याचे कुळागर कधीच मिळाले नाही. त्या दिवशी आम्ही दुसऱ्याचा गाल पुढे केला होता. देवळाच्या, घराण्याच्या, जातीच्या ऐक्यासाठी असे कितीतरी गाल आपण दर वर्षी पुढे करतो आणि ते बहुधा विधवांचे, धाकट्यांचे, कुळांचे असतात. त्याला आपण सामोपचार म्हणतो. सेल्मी पॉलच्या राखीपुढे आमच्या त्या सुरेख वाक्याची किंमत काय, हे देवासच्या पायऱ्यांवर आम्हांस कळले.

यातील बरेचसे आम्ही परतीच्या वाटेवर मामांना सांगितले. त्यांनी सर्व ऐकून घेतले. कुंकळ्ळीचा उल्लेख आला तेव्हा ते म्हणाले, "बरें. पूण माफ करचें काय ना, तें आमी थारयतले." यावर वाद घालण्याचे आम्हांस कारण दिसले नाही, आमचे म्हणणे तेच होते. फक्त एक शंका आम्ही त्यांच्यापुढे ठेवली. असोळणेच्या कोटात मेले त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आज आपल्यापैकी कोणाला आहे? आणि नसेल, तर त्यांच्या वतीने रोष धरण्याचा तरी कितपत आहे? ज्यांच्यावर तो धरावयाचा ते आजचे सासष्टीचे ख्रिस्ती बहुतांशी त्याच गावकऱ्यांचे वंशज.

मामा बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच कुंकळ्ळीच्या छत्र्यांचा विषय काढला. दर वर्षी फाल्गुनात शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याहून आपल्या जुन्या गावी येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्या सोहळ्यात ख्रिस्ती झालेल्या गावकरी घराण्यांचाही मान असतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आपण तो पाहिला, असे त्यांनी सांगितले. मग पुन्हा जाऊन पाहावा काय, असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही येत्या फाल्गुनात त्यांना घेऊन जाणार आहो.